कुसुर

सातव्या प्रश्नापाशी आम्ही अडलो.
खिडकीखालून एस्किशेहिरची ट्राम गेली, चहा निवला.
‘शरीरातला दोष’ याला आपल्याकडे काय म्हणायचं?
बेर्रिन हानम म्हणाल्या, कुसुर. दुसरं काय!

कुसुर: पेल्याच्या काचेत अडकलेला बुडबुडा,
गालिच्यातली चुकलेली गाठ,
आणि कोर्टात, ट्रक चालवणाऱ्याची चूक.

उलट भाषांतर अंकाराहून यायचं होतं.
ओझगुरने मूळ पाहिलेलं नाही, त्याने पाहायचं नसतं.
त्याच्याकडून प्रश्न असा परतला:
‘आपल्या चेहऱ्याच्या अपराधाचा विचार
दिवसातून किती तास करता?’
सगळे हसले. मीही.
मग जो तो खोडरबर शोधू लागला.

चाचणीला पहिला आला तुंजाय. वय एकोणीस,
सिमिटच्या भट्टीवर कामाला, बाह्यांना तीळ चिकटलेले.
जून महिना, आणि टोपी भुवयांपर्यंत.
‘वारंवार आरशात पाहता का?’
कधीच नाही. गुण शून्य.
प्रश्न कसा समजला, हे विचारायचा नियम आहे,
म्हणून विचारलं.
तो म्हणाला, घरातल्या ऐन्यावर वर्तमानपत्र डकवलंय.
ट्राममध्ये काचेकडे पाठ करतो.
चहाचा ट्रे आला की डोळे मिटतो,
स्टीलचा असतो ना.
दाढी? चाचपून.
हनुवटीवर तीन ताजे काप होते.

बेर्रिन हानमनी त्या शून्याभोवती
पेन्सिलीने आणखी एक शून्य काढलं.
रात्री मी बसले: आरसा टाळता का, चुकवता का, झाकता का.
तीन क्रियापदं, एकही पुरेना.

दोन आठवड्यांनी त्याच माणसांना तोच फॉर्म पुन्हा द्यायचा,
उत्तरं टिकतात का बघायला.
तुंजाय आला नाही. फोन आला.
भट्टी सोडता येत नाही म्हणाला, आणि शेवटी
ते, जे आम्ही धक्का लागला तरी म्हणतो,
मीठ मागतानाही म्हणतो:
कुसुरा बाक्मायन.
माफ करा, एवढंच.
सुटं करून वाचलं तर: कुसुराकडे पाहू नका.

आणि माझ्या तोंडून, कळायच्या आत,
ठरलेलं उत्तर गेलं:
कुसुर कसला रे बाळा, कुठाय कुसुर?

पलीकडे भट्टीचा आवाज. मग तोही नाही.

अकरावा प्रश्न मीच उतरवला होता.
‘तुमच्यात काही खोट नाही असं कुणी म्हटलं,
तर बरं वाटतं का?’
त्याने पेन इतकं दाबलं होतं
की ‘मुळीच नाही’वरची फुली
मागच्या पानावर, मासिक उत्पन्नाच्या रकान्यात
उमटली होती.