सुट्टे

सिंगापूरहून आलो त्याला तीन आठवडे झाले.
फ्रीजवर सिंहाचं डोकं, माशाचं शेपूट,
निहारने उलटं चिकटवलंय, तसंच आहे.
बॅग अजून पलंगाखाली:
दशम्यांचा रिकामा डबा, एक ओलसर वास,
हॉटेलातले पाच साबण,
आईने मोजून आणलेले.

आई तिथे प्रत्येक गोष्टीला बासष्टने गुणायची.
नारळपाणी चारशेला पडलं तेव्हा
दोन घोट पिऊन उरलेलं तिने बाटलीत ओतलं
आणि दिवसभर जपून वागवलं, तीर्थासारखं.

अण्णांना विचारलं, काय आवडलं?
काचेच्या घुमटातला धबधबा? झाडांच्या आकाराचे दिवे?
म्हणाले, बस.
बस चांगली होती.

एकतीस वर्षं पीएमटीत, कोथरूड डेपो.
चामड्याच्या पिशवीने डावा खांदा खाली ओढला
तो अजून वर आलेला नाही.
तिथल्या बसमध्ये रिकाम्या सीटा सोडून
ते दाराशीच उभे राहिले.
माणसं चढली, कार्ड टेकवून आत गेली,
कुणाला ‘पुढे सरका’ म्हणावं लागलं नाही.
स्टॉप आला तसा त्यांचा हात
घंटीची दोरी शोधत वर गेला
आणि रिकामा खाली आला.
मी पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी फोटोत सगळे होते, अण्णा नव्हते.
शोधलं तर मागे, रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाशी,
बुंध्यावरून तळहात फिरवत होते,
बैल विकत घेताना फिरवतात तसा.
“खिळा नाही,” म्हणाले.
“सबंध रस्ता बघून आलो. एकाही झाडाला नाही.”
आम्ही हसलो. गाडीची वेळ झाली होती.

लोहगावला उतरलो पहाटे पावणेतीनला.
रिक्षावाल्याने दीडपट सांगितलं
आणि अण्णांनी जन्मात पहिल्यांदा वाद घातला नाही.
कर्वेनगर येईपर्यंत बाहेर बघत बसले,
काहीतरी मोजत असावेत, ओठ हलत होते.

तेव्हापासून दूध आणायला जातात ते तासाने येतात.
दूध खालीच मिळतं.
गुडघा दुखतो म्हणायचं आणि भटकायचं, आई म्हणाली.
परवा मीच मागोमाग गेलो.
कॅनॉलच्या अलीकडे, चहाच्या गाडीजवळ,
तोच पर्जन्यवृक्ष, आपला, धुळीने राखाडी.
अंगावर: ‘मुलींसाठी पीजी, दोन वेळ जेवण’,
‘गणित हमखास’, ‘वजन घटवा, फोन करा’,
आणि वर, हात पुरणार नाही अशा जागी,
एका भावी नगरसेवकाचा मागच्या वर्षीचा वाढदिवस.
अण्णांच्या हातात पक्कड.
खिळा येता येत नव्हता,
सालीने भोवती ओठ आवळले होते.
ते घाई करत नव्हते.
थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे,
दुखेल म्हणून थांबत, परत.

एक स्कूटरवाला पाय टेकवून थांबला,
“काका, कॉर्पोरेशनचे का?”
“नाही,” अण्णा म्हणाले. “पीएमटी.”

मी हाक न मारताच घरी आलो.

आज ती जुनी पिशवी माळ्यावरून खाली आली.
निहारने हलवली, आत खणखणलं.
“आजोबा, सुट्टे?”
“सुट्टेच,” म्हणाले. “दोनशे अकरा.
अजून कॅनॉलसुद्धा ओलांडला नाही.”
निहारने हात घातला, बोटं तांबडी झाली.

आई काही बोलली नाही.
धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, एवढं विचारलं, तेही भिंतीकडे बघत.
मग पलंगाखाली वाकली,
बॅगेतून सिंगापूरचा एक साबण काढला,
वेष्टन दातांनी फोडलं
आणि दोघांना मोरीकडे पिटाळलं.