बोलत ऱ्हा

दाजीपूरच्या पुढं, सड्याच्या कडेला
तंबू ठोकायच्या आधी ठकू येडगेनं
आमच्या पिशव्या उघडायला लावल्या.
सुकट निघाली. खर्डा निघाला.
शर्वाणीच्या आईनं दिलेलं मटणाचं लोणचं,
तीन पिशव्यांत गुंडाळून तरी घमघमत.
"ह्ये समदं त्या कुंभ्यावर बांधा, शंभर पावलं लांब.
हिथं चूल न्हाई, खरकटं न्हाई.
दात घासल्याला फेसबी हिथं थुकू नगासा."

आम्ही पाचजणी हसलो. तीही हसली,
पण तिचा डावा गाल हसण्यात आला नाही.

"दिस बुडला की करवंदीत शिरायचं न्हाई.
जायाचंच झालं तर दोगी, आन बडबडत.
वारुळात तोंड घातलं की अस्वलाला जगाचा इसर पडतोय.
न सांगता पावना दारात आला की
कुनाचंबी डोस्कं फिरतंय.
पळू नगासा. झाडावर त्ये तुमच्या आदी चढंल.
अंगावर आलंच तर पालथं पडायचं,
हात मानंवर, तोंड मातीत.
तोंड तेवढं जपा."

रात्री जर्किनच्या खिशात बोटांना चिकट लागलं.
गूळ. कागलच्या गुऱ्हाळातला खडा,
कागदासकट पाघळलेला.
तासभर तशीच पडून राहिलो.
बाहेर कुणीतरी फुंकर मारत होतं,
मग जोरानं ओढत होतं,
बशीतला चहा भुरकावा तसं.

शेवटी ठकूला हलवलं.
शिव्या घालेल वाटलं.
ती बॅटरी घेऊन उठली. "चल. बोलत ऱ्हा."
काय बोलू?
"कायबी. तुजं घर सांग."

मग शंभर पावलं मी ओरडत गेलो:
राजारामपुरी, आठवी गल्ली, खाली पिठाची गिरण,
बाबांचा बंद पडलेला प्रेस,
बारावीला दोनदा बसलो ते,
मावशीचं मोडलेलं लग्न,
मैत्रिणींनाही न सांगितलेलं सगळं
घसा ताणून, त्या अंधाराला.
भुरकणं थांबलं.
खाली उताराकडं फांद्या मोडत गेल्या.

गूळ दोरीनं वर चढला.
परतताना मी विचारायच्या आतच ती म्हणाली,
"त्या दिशी घरात भांडून आल्तो. सरपनाला.
गप गेलो हुतो.
तिच्या पाठीवर पिल्लं हुती.
दोगीबी भ्यालो."

सकाळी वारूळ बघितलं. हातभर खड्डा,
कडेला नखांच्या ओल्या रेघा.
मी तिथंच वाकून बसलो.
ठकू कधीच पुढं निघाली होती, एकटी,
शेळ्यांचे भाव मोठमोठ्यानं सांगत.