यादीतलं पाचवं नाव

जुलैच्या शेवटी भूशास्त्र विभागानं मला पाच नावं दिली,
सोबत एक पत्रक : ‘नवागतांचे समायोजन, दहा मुद्दे’.
मी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आता जाणती,
असं बाईंचं म्हणणं.
मागल्या साली माझे दोन पेपर राहिले होते
हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच दिली असतील.

चौघं सोपे निघाले.
एकाला खिडकीजवळची कॉट हवी होती,
दुसऱ्याला बोनाफाईड,
तिसरी-चौथी एकमेकींनाच सापडल्या
आणि मला विसरून गेल्या. बरं झालं.

पाचवी : रोशनी मडावी, कुरखेडा, जिल्हा गडचिरोली.
फोन उचलत नाही.

वसतिगृहात गेले तर पलंगावर बसलेली,
बॅग भरलेली, वर टॉवेलची घडी,
जणू एसटी खालीच उभी आहे.
पत्रकातला पहिला मुद्दा : हसतमुखाने संवाद साधा.
मी हसले. तिनं भिंतीकडं पाहिलं.

कळलं ते तिच्या खोलीतल्या मुलीकडून.
वर्गात सरांनी विचारलं, झालं का लिहून?
ही म्हणाली, ‘लिहून राहिली, सर.’
मागच्या बाकावरून कुणीतरी तेच वाक्य पुन्हा म्हटलं,
हळू, सूर लावून.
एवढंच. शिवी नाही, धक्का नाही.
तेव्हापासून तोंड उघडते ती फक्त जेवायला,
आणि तेही मेस रिकामी झाल्यावर.

मलाही विचारायचे इथं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’
किती गोड आवाजात.
पहिल्यांदा बेटमोगरा म्हणाले, मग मुखेड,
दिवाळीपर्यंत नांदेड,
परीक्षेच्या सुमारास नुसतं ‘मराठवाडा’.
गाव मोठं मोठं होत गेलं
आणि दिसेनासं झालं.

पत्रक मी मेसच्या डुगडुगत्या टेबलाखाली सरकवलं.
सांगितलं ते असं :
चार नंबरच्या खिडकीतले काका दीडला डबा उघडतात,
डबा संपला की जा, सही लगेच मिळते.
रविवारी रात्री जेवण नसतं, शनिवारीच केळी आणून ठेव.
घरी रोज ‘सगळं बरं आहे’ म्हणू नकोस, आईला कळतं;
एखाद दिवशी भाजीला नावं ठेव.
आणि रडायचंच झालं तर भूगोल विभागामागचा जिना,
तिथला दिवा कधीचा बंद आहे.

ती पहिल्यांदा माझ्याकडं बघत म्हणाली,
‘तुमी पण रडल्या का तिथं?’
मी म्हटलं, दिवा बंद असल्याचं मला
दुसरं कुणी सांगितलं असेल का?

रविवारी सकाळी वेताळ टेकडी चढलो.
खाणीच्या कडेला तिला एक दगड सापडला,
पोटात भोक, भोकात पांढरे बारीक दाणे.
मी सुरू केलं : बघ, लाव्हा निवताना आत वायू अडकतो,
मग पोकळी राहते, मग त्या पोकळीत हळूहळू…
‘मले ठाव आहे,’ ती म्हणाली,
‘काल रात्री तेच वाचून राहिली होती.’
माझ्या तोंडात एक चांगलं तात्पर्य तयार होतं.
गिळलं.

सप्टेंबरच्या सहलीत भोरच्या घाटात
तिनं सगळ्यांदेखत विचारलं,
‘सर, मंग ह्या पोकळीत पाणी आलं कुठून? वरून का खालून?’
मागं कुणीतरी खाकरलं.
ती थांबली नाही.
सरच थांबले, चष्मा पुसला,
म्हणाले, इथलं मला पाहावं लागेल.

बॅग अजून पलंगाखाली आहे. आता तिच्यात दगड आहेत.
परवा फोन केला, उचलला नाही.
सवयीनं पोटात गोळा आला माझ्या.
मग निरोप : ‘प्रॅक्टिकलले आहो. मंग बोलतो.’

काल अहवाल भरून दिला.
‘मार्गदर्शकाचे मूळ गाव’ असा एक रकाना होता.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
‘बेटमोगरा? हे कुठं आलं गं?’
मी सांगून राहिली होते,
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.