लाभ

मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं. मग दोन, तीन.
सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामात
हे तमाण्णानं शिकवलं मला.
तेव्हा मला हुकसुद्धा धरता येत नव्हता.

थप्पी सरकली तेव्हा तो वाकून सुतळी उचलत होता.
रक्त फारसं नव्हतं. कानातून थोडं.
हळदीवर पडलेलं रक्त लाल दिसत नाही,
काळपट दिसतं.

मिरजेला सव्वा महिना.
डोक्यात डावीकडं खळगा,
त्यावर पुन्हा केस आले.
टोपी घातली की कळत नाही काही.
इथंच घोडं अडलं.

शेठच्या वकिलानं तक्ता वाचला:
अंगठा गेला, तीस टक्के.
एक डोळा, चाळीस.
तक्त्यात कुठं नव्हतं
कस्तुराला आईच्या नावानं हाक मारणं,
कप विसळून ठेवल्यावर
"आज चहा नाही का गं?"

"नाव सांगा."
सांगितलं. बापाचं, गावाचं, खणखणीत.
"हात दाखवा."
दोन्ही हात पुढं केले त्यानं,
दहाच्या दहा बोटं.
"साहेब, माणूस धडधाकट आहे."

मला आदल्या रात्री बोलावणं होतं.
न्हाणीत घसरला म्हण, शेठ म्हणाले,
आणि माझ्या उचलीची वही
उगाच उघडून मिटली.
मी म्हणालो, साहेब, पोतं वरनंच आलं,
मी पाहिलं.
थप्पी कुणी लावली होती
ते कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

डॉक्टरांचे टक्के, वयाचा आकडा,
गुणिले पगार.
पगार हजेरीबुकात निम्माच लिहिलेला.
तीन वर्षं तारखा.

काल बँकेतनं पहिला हप्ता काढला.
कस्तुरानं नोटा त्याच्या पुढ्यात ठेवल्या,
मोजा म्हणाली, तुमच्या आहेत.
त्यानं हात पुसले. बोट जिभेला लावलं.
लाभ, म्हणाला.
थांबला.
तीच नोट पुन्हा उचलली.
लाभ.

मी हळूच म्हणालो, दोन.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
नव्या पोराकडं बघायचा तसं,
आणि न चिडता
चूक दुरुस्त केली माझी:
लाभ.