सांतियागोची वेळ

एकच ओळ लिहिली होती मी:
घड्याळ सांतियागोचं.
का, तर बोटांना तेच पाठ होतं.

इथे पुंता अरेनासला,
जमीन संपत येते तिथे,
घड्याळ वर्षभर आपल्या जागी उभं असतं.
राजधानी मात्र एप्रिलच्या सुरुवातीला
रातोरात काटे तासभर मागे ओढते.
हे इथलं शाळेतलं पोरही जाणतं.
मीही जाणत होते.
पण जाणणं आणि लिहिताना आठवणं
ही दोन निराळी खाती आहेत
आणि माझं दुसरं रिकामं होतं.

सोमवारी डायलिसिसच्या रुग्णांना
आमच्या पानाने सातच्या जागी सहा सांगितले.
एवारिस्तो ओहेदा, वय एक्क्याऐंशी,
पावणेसहाला दवाखान्याच्या बंद फाटकाशी हजर.
वारा असा की चौकात दोर बांधले होते,
माणसं ते धरून रस्ता ओलांडत होती.
फाटकाला दोर नव्हता.
त्यांनी गज धरला.

आठ वाजता पडद्यावर माझ्या नोंदी उघड्या पडल्या:
'दुरुस्ती', 'दुरुस्ती दोन',
'शेवटची दुरुस्ती',
'आता खरंच शेवटची'.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दांका कुसानोविच चष्मा कपाळावर सारून वाचत राहिली.
कोणी केलं, असं तिने विचारलंच नाही.
आधी काय झालं, त्यानंतर काय,
एवढंच विचारत ती फळ्यावर वेळा मांडत गेली
आणि शुक्रवारपाशी थांबली.
पाच पंचावन्न. मंजूर. पुढे तिचीच आद्याक्षरं.

"मी वाचलं नव्हतं," ती म्हणाली.
"अंगात अर्धा कोट होता, एक हात बाहीत.
दुसऱ्या हाताने 'छान' लिहिलं."

'शुक्रवारी दुपारनंतर काहीही बाहेर सोडू नये'
हा फ्रिजवरचा कागद
चौदा वर्षांपूर्वी तिनेच चिकटवलेला.
आता त्याचा एक कोपरा सुटलाय.

मी ओळ बदलायला धावले.
तिने माझा हात अडवला.
"आधी ते मोडताना दिसू दे."
मग आम्ही एप्रिलची ती रात्र
एका चाचणीत पुन्हा घडवली.
लाल.
सप्टेंबरची रात्रही घडवली, काटे पुढे जातात ती.
तीही लाल.
मग कुठे ओळ बदलली, आणि दोन्ही हिरव्या.
काम मिनिटाचं, सकाळ अख्खी गेली,
आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

ओळीच्या वर मी टीप लिहिली:
'इथे सांतियागो लिहू नका.
एवारिस्तो ओहेदा तासभर वाऱ्यात उभे होते.'
तिने नाव खोडलं.
"रुग्णाचं नाव कोडात येत नाही. कधीच."
मी लिहिलं: एक म्हातारा माणूस.
ते तिने राहू दिलं.

साडेदहाला दोघी दवाखान्यात गेलो.
ते खुर्चीत रेलले होते, दंडाला नळ्या,
गुडघ्यावर लोकरीची टोपी.
दांकाने माफी मागितली,
एकही तांत्रिक शब्द न वापरता.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे माझा तास सांतियागोला गेला?"
"हो."
"त्यांना कशाला हवा? त्यांच्याकडे काय कमी आहेत?"
मग माझ्याकडे बघून,
"ही बोलत नाही का?"

बोलले मी. काय बोलले ते आठवत नाही.
त्यांच्या बोटांवर गजाचा गंज होता,
अजून धुतला नव्हता.

आज शुक्रवार आहे.
नव्या आलेल्या मुलाचं, नेहुएनचं, काम समोर आलंय,
दोनशे बारा ओळी, आणि खाली: 'घाईचं आहे, प्लीज'.
पाच पन्नास. माझा कोट खुंटीवर.
वाचायला घेतलं तर डोळे घसरतात, मी थकलेय.
त्याला लिहिते: सोमवारी वाचेन.
तो रागावेल.
मीही रागावले असते.