मिठाची जागा

हानुस बोटीवरून कायमचा उतरला
आणि त्याच आठवड्यात माझ्या फडताळाकडे
असं पाहू लागला, जशी नवी सासू पाहते.

छत्तीस वर्षं त्यानं समुद्रावर
बावीस माणसांना जेवू घातलं.
उभं राहायला दीड पाऊल जागा, तीही हलती.
आमच्या क्लाक्सविकच्या घरात मात्र पाहुणा.
दर सुट्टीत विचारायचा, "चमचे कुठे असतात गं?"
मी म्हणायचे, गेल्या वेळी होते तिथेच.

आता कानावर पेन्सिल, खिशात टेप.
"मार्युन, दिवसाला किती चालतेस, माहीत आहे?"
बटाटे जिन्याखाली, झाकणं भलतीकडेच,
तव्यावर तवा, त्यावर आणखी एक,
आणि लागणारा नेमका तळाचा.
अरे, चालते म्हणून तर गुडघे शाबूत आहेत.
पण ऐकतो कुठला.

मला मोरीपाशी उभं केलं,
डोळे मीट म्हणाला, हात पसर,
आणि माझी बोटं पोचली तिथे तिथे
भिंतीवर रेघ ओढली.
"एवढंच तुझं जहाज. रोजचं सगळं या रेघेच्या आत."
नाताळचं मोठं ताट, बाराजणांची बशीपेली,
लग्नात आलेलं आणि कधीच न चाललेलं ते यंत्र
माळ्यावर गेलं.
परवाच्या परवा सालच्या रुबार्ब जॅमच्या सहा बरण्या निघाल्या,
त्यातल्या एकीबद्दल आम्ही काही बोललो नाही.
आणि तळाच्या खणात सापडलं सोलाणं,
जे सोल्वानं नेलं म्हणून
अकरा वर्षं मी तिच्याशी जरा तुटक वागत होते.

प्रत्येक फळीच्या कडेला त्यानं बोटभर उंच पट्टी ठोकली,
लाट आली तर बरण्या घसरायला नकोत.
"हानुस, घर हलत नाही."
"हं," म्हणाला,
आणि ओठांतला पुढचा खिळा काढला.

खरं सांगू? सोपं झालं.
हात जातो तिथे वस्तू असते.
सकाळी चहा होतो तेव्हा मी अजून
अर्धी झोपेतच असते.

फक्त मीठ.

मीठ खिडकीच्या कठड्यावर असायचं,
शेगडीपासून नऊ पावलं.
त्यानं मोजली, जाताना नऊ, येताना नऊ.
"इतकी अळणी मांडणी कुणाची गं?" म्हणून हसला
आणि मिठाचा लाकडी डबा
शेगडीच्या उजव्या हाताला टांगला.

दुसऱ्या दिवशी सूप उकळलं
आणि मी खिडकीपाशी. मूठ रिकामी.
तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यानं पाहिलं.
"मीठ इथे आहे."
"माहीत आहे मला."
"मग तिथे काय आहे?"

तिथे बंदर आहे.

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
भांड्याला उकळी फुटली की मी मीठ आणायला जायची
आणि तुझी बोट दिसते का बघून यायची.
बहुतेक वेळा धुकंच.
कधी मीठ न घेताच परतायची,
कधी दोनदा घालायची,
आणि पोरं म्हणायची, आईचं आज लक्ष नाही.

हानुस काही बोलला नाही.
चमचा धुतला. पुसला. पुन्हा धुतला.
रात्री उशिरा खाली ड्रिलचा आवाज आला,
मी कूस बदलली.

सकाळी डबा खिडकीत होता.
त्याच्यापुढे बोटभर उंच पट्टी,
दोन्ही टोकांना स्क्रू, चांगले घट्ट.

आता मी नऊ पावलं जाते.
बाहेर बोटी दुसऱ्यांच्याच असतात,
तरी एकदा मोजून घेते.
चिमूट भरते, तोच मागून येतं,
"मार्युन, डाव कुठे असतो गं?"

रेघेच्या आत बघ, म्हणते. तूच ठेवलास.