गम बेस

गहू निघाला की आम्ही पोट्टे
खळ्यावरचे मूठभर कच्चे दाणे तोंडात टाकायचो,
चावायचो, पांढरं पाणी गिळून टाकायचो.
मग उरायचं ते चिवट, राखाडी, बिनचवीचं
आमचं चिंगम.
दुकानातलं चार आण्याला एक.
तेही मी आणि कुसुम आळीपाळीनं.

सातवीत धवने मॅडमनी सांगितलं,
चिंगमात रबर असतं, झाडाचा चीक,
साल चिरतात, खाली वाटी बांधतात.
मी धावतच फाट्यावर गेले.
बाबा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून
हळूहळू दाबत होते.
"बाबा, चिंगमात रबर असते म्हणे."
"असंन," डोळे पाण्यावरच,
"थांब, बुडबुडा निंगू दे."

निघाला. भोकात माचिसची काडी खुपसली,
ट्यूब पुसली, कानस घासली, सोल्युशन लावलं,
फुंकर घातली.
गालात खर्रा होता,
म्हणून फुंकर तिरकी आली.

खर्रा नेहमीच होता.
दर तासाला पन्नीत घोटलेली एक पुडी,
हवा भरायच्या पंपाशेजारी ठेवलेली.

मग एक दिवस भाकर तोंडात जाईना.
सावंगीच्या दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरीणबाईनं
पट्टी लावून तोंड मोजलं.
घरी आम्ही बोटांनी मोजतो:
दोन बोटं. थंडीत दीड.
खर्रा बंद, तिखट बंद,
आणि कागदावर लिहून दिलं,
चिंगम, बिनसाखरेचं, दिवसातून चारदा.

"चाळीस वर्सं रबर जोडलं, माय,
आता चावा लागते."
शब्द फटीतून येतात, चपटे होऊन.

इकडं बिनसाखरेचं मिळत नाही.
मी यवतमाळहून महिन्याचं आणते.
पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलंय: गम बेस.
रबराचं नाव कुठं नाही.
भिंगानं पाहिलं.

काल संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं.
बाबा स्टुलावर बसून चावत होते,
कानाजवळ हाड कटकट वाजत होतं.
निहारनं लिंबाएवढा गुलाबी फुगा करून दाखवला,
नाकावर फोडला.
"आबाजी, आता तुमी."

बाबांनी जीभ पुढं लोटली. येईना.
पुन्हा. मान ताणून, डोळे मिटून.
मी बोलणार होते, राहू द्या म्हणून.

तेवढ्यात पुढच्या दोन दातांच्या मधून
एक बुडबुडा आला,
ज्वारीच्या दाण्याएवढा,
आणि तसाच आत गेला.

निहार हसला.
बाबांनी खिशातून माचिसची काडी काढली
आणि ओठावर, नेमक्या जागी,
टेकवून धरली.